महिन्याचा पहिला रविवार आणि पडेगावच्या मावशी

कंपनीतून रिटायर झालो तेव्हा माझ्याकडं एक जुनी व्हॅन होती आणि लई फुरसत होती. तापट डोकं तर पहिल्यापासूनच होतं. एका रविवारी आमच्या छावणीतल्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "मिटमिटा-पडेगावकडच्या म्हाताऱ्या माणसांना उपासनेला यायला गाडी मिळत नाही. कुणी आणील का?" मी लगेच हात वर केला. घरची शेजारीच होती. ती कुजबुजली, "तुम्ही आणणार? दाराशी दोन मिनिटं थांबायचं म्हटलं तरी तुमचं टाळकं सरकतं!"

खोटं नव्हतं ते. मी राहतो पडेगावात. सकाळी आधी मिटमिट्याला जायचं, तिथून एक निवृत्त मास्तर आणि एक निवृत्त नर्सबाई घ्यायच्या, मग परत पडेगावात येऊन तिथल्या एका म्हाताऱ्या मावशींना घ्यायचं आणि छावणी गाठायची. मास्तरांना ऐन वेळी चष्मा सापडायचा नाही. नर्सबाई, म्हणजे आमच्या सिस्टर, व्हॅनमध्ये बसल्या बसल्या सगळ्यांना विचारायच्या, "गोळी घेतली का? खोटं बोलू नका." मी हॉर्न वाजवायचो, चिडायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचो. खरं सांगतो, मजा यायची. कंपनीत माझी इतकी वाट कुणी कधी पाहिली नव्हती.

मावशी मात्र कधी उशीर करायच्या नाहीत. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे पार गेलेले, पण मी पोचायच्या आत पांढरं लुगडं नेसून, गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन ओट्यावर तयार. मी आणि सिस्टर मिळून त्यांना उचलून सीटवर बसवायचो. चर्चमध्ये त्यांचा आवाज हार्मोनियमच्याही वर जायचा.

पण मधूनच त्या यायच्या नाहीत. एकदा म्हणे पाहुणे आले. एकदा चक्कर येते म्हणाल्या. एकदा तर लुगडं वाळलं नाही म्हणाल्या, आणि बाहेर कडक ऊन! मी काय, तणतणत गाडी काढली. तेव्हा मागून सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या लक्षात आलं का? त्या फक्त महिन्याचा पहिला रविवार चुकवतात."

पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं. एकेक बाक उठतो, पुढं वेदीच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकतो, पाळकसाहेब प्रत्येकाच्या हातावर भाकर ठेवतात, प्याला देतात. आमच्या लोकांना इतर रविवार चुकला तर चालतो, हा नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो. गेलो तो भांडायलाच. "मावशी, मला काही उद्योग नाही असं वाटतं का तुम्हाला?" म्हणालो. खरं तर नव्हताच. मावशींनी आधी चहा ठेवायला लावला आणि मग बोलल्या.

तीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं शेतकऱ्याच्या घरात लग्न केलं, हिंदू पद्धतीनं. मावशी मांडवात उभ्या राहिल्या, पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. चर्चची त्या वेळची कमिटी कडक. त्यांनी मावशींचं प्रभुभोजन वर्षभर बंद केलं. "वर्षभर, बाबा. सगळा बाक उठून पुढं जायचा अन् मी एकलीच बसून. लोकं वळून वळून बघायची. पोरंसोरंसुद्धा."

"मावशी, ते कधीचं! आता कोण बघतंय?"

"आता कठड्यापर्यंत चालवत नाय. टेकलं तर उठवत नाय. म्हणजे बसूनच राहायचं ना? एकलीच? लोकं म्हणतील, म्हातारीनं आता काय केलं?"

"पाळकसाहेब घरी आणून देतील की."

"घरी मरणाऱ्याला देतात. मी अजून मरायला नाय टेकले." मग आवाज उतरला. "दीड वर्ष झालं भाकर घेऊन. त्याच्याबिगर मातीत जायची लई भीती वाटती रे."

मला एकदम माझीच लाज वाटली. मी हॉर्न वाजवत फिरत होतो आणि मला वाटत होतं की माणसाला चर्चच्या दारात उतरवलं की आपलं काम झालं.

पुढच्या पहिल्या रविवारी मी मावशींना म्हणालो, "चला. आज एकट्या बसणार नाही तुम्ही. शब्द दिला." त्या आल्या. चेहरा मात्र उतरलेला होता. सिस्टर आमच्यासोबत बाकावरच बसून राहायला आधीच तयार होत्या. मास्तर कुरकुरले, "साठ वर्षं गुडघे टेकलेत मी, आज बसून घेऊ?" मी म्हणालो, "मास्तर, एक दिवस." त्यांनी मान हलवली, पण 'हो' काही म्हणाले नाहीत.

चौघंही एकाच बाकावर बसलो. पुढचा बाक उठला, गेला, परत आला. आमची पाळी आली. आणि तेव्हा मला आठवलं की सगळ्यांना सांगितलं, पण पाळकसाहेबांना सांगायचंच राहिलं! झाला का घोटाळा! ते कठड्यापाशी ताट धरून उभे. हार्मोनियमवाला तीच ओळ परत परत वाजवतोय. कमिटीचे सेक्रेटरी वळून डोळे वटारतायत. माझे तर गुडघे धडधाकट, सगळ्यांना ठाऊक. कान तापले माझे. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मास्तर हलले, वाटलं आता उठतात, पण त्यांनी नुसता कोट सारखा केला आणि पाठ टेकून बसले.

पाळकसाहेबांनी आमच्याकडं पाहिलं, मग मावशींकडं पाहिलं. ताट आणि प्याला घेऊन ते खाली उतरले आणि सरळ आमच्या बाकाशी आले. पहिली भाकर मावशींच्या हातावर ठेवली. सिस्टरांनी त्यांच्या हाताला खालून आधार दिला.

तेवढ्यात पलीकडच्या बाकावरचे एक आजोबा, काठी टेकत अर्धे उठले होते, ते परत खाली बसले. त्यांच्या मागोमाग एक आजीही परत बसल्या. मग आणखी एक जोडपं. पाळकसाहेब एकेकापाशी जात राहिले.

मावशींनी भाकर खाल्ली, प्याला घेतला, डोळे पुसले आणि चर्चभर नजर फिरवली. मग माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एवढ्या जणांचे गुडघे दुखत होते व्हय?"