घोड्यापुढचं प्यादं आणि माझं पाकीट

तीस वर्षं बातमीदारी केली. नोंदवह्या रद्दीत गेल्या. पण फ्रीगंजमधल्या चहाच्या दुकानामागं आमची बुद्धिबळाची बैठक भरते, तिथले किस्से काही जात नाहीत. बहुतेक मुळेकाकांचे. रेल्वेतून रिटायर झालेले, आणि माझ्यासारख्या भांडकुदळाला रोज सोसणारे!

* * *

काकांची पहिली चाल ठरलेली. मधली प्यादी सोडून डाव्या घोड्यापुढचं प्यादं एक घर. मग त्या मोकळ्या झालेल्या घरात उंट.

पहिल्याच दिवशी मी भडकलो. "काका, मधे या! लढाई मधे असते!"

"तू लढ ना मधे. मी इथून बघतो."

त्याच उंटानं माझा हत्ती खाल्ला!

* * *

नानाखेड्याचा एक कॉलेज चॅम्पियन आला. ते प्यादं बघून हसला. "अंकल, ये कौन सी चाल है?"

"बेटा, घुटनों में दर्द है. बीच तक चला नहीं जाता."

जाताना चॅम्पियननं त्याच गुडघ्यांना हात लावला!

* * *

काकू सांगतात, "हे मला बघायला आले आणि सगळा वेळ माझ्या मावशीशीच गप्पा! मला वाटलं, नापसंत. संध्याकाळी मावशीच म्हणाली, तारीख ठरली!"

* * *

आता माझा किस्सा. एका कॉलनीत नळाला गटाराचं पाणी येत होतं. पंधरा दिवस वणवण करून बातमी आणली. संपादकांनी तिच्या तीन ओळी केल्या! राजीनामा लिहिला, पाकिटात घातला आणि बैठकीत आलो. दोन मुली शाळेत, दुसरी नोकरी हातात नाही.

काका म्हणाले, "एक डाव खेळ. जिंकलास तर नेऊन दे. हरलास तर पाकीट माझं."

पुन्हा तेच प्यादं. मी रागानं मोहरे आपटत होतो. चाल माझी असताना काका उठले. "बस भई, काकू वाट बघतेय. उरलेला उद्या." पाकिटाच्या पाठीवर मोहऱ्यांच्या जागा लिहिल्या आणि पाकीट खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी काका पाकीट घरी विसरले. तिसऱ्या दिवशीही. तोवर डोकं थंड झालं आणि मी भांडून ती बातमी पूर्ण छापून घेतली! मुली त्याच नोकरीवर शिकल्या.

गेल्या महिन्यात रिटायर झालो. निरोपाचा हार हातात घेऊन थेट बैठकीत. काकांनी पिवळं पडलेलं पाकीट काढलं, बघून बघून पट मांडला.

"चाल तुझी."

मी बघतच राहिलो. माझ्या एका चालीत मात होती!

"काका, तुम्हाला तेव्हा दिसलं होतं?"

काकांनी आपला राजा आडवा केला आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"जिंकलास. जा, देऊन ये राजीनामा!"