खिशातल्या बांगड्या

"गाणं लोकाइचं, खणखण माही," असं शेवंताबाई नेहमी म्हणायच्या. लग्नाच्या मांडवात कुणी त्यांच्या गाण्याची तारीफ केली की एवढंच बोलायच्या आणि पदर सावरून उठायच्या. नवरा गेल्यापासून बाई भ्रमली, असं पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळ्यांनी धरलं होतं. मी मात्र त्या खणखणीच्या वेळी खोलीत होतो, मांडीवर बेंजो घेऊन. म्हणून हे मीच सांगायला हवं.

नवं राज्य होऊन वर्ष झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि गल्लोगल्ली छत्तीसगढी गाण्यांच्या कॅसेटी निघू लागल्या. पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानावर निरंजन भैयाचा स्टुडिओ होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. शेवंताबाई मूळच्या वर्ध्याकडच्या, नवरा नीलकंठ रेल्वेत फिटर. त्यांचा आवाज सारवलेल्या अंगणासारखा होता, साधा आणि गार. गाणं प्रेमाचं. अभनपूरच्या बाजाराला गेलेल्या गड्याची वाट पाहणारी बाई, दिवा विझला तरी दार लावत नाही.

पहिल्याच ओळीला निरंजननं हात वर केला. "दीदी, चूड़ी उतारनी पड़ेगी. माइक पकड़ रहा है."

"नाई उतरवत. सवाष्ण हावो मी."

मनगटांना रुमाल बांधून पाहिले. तरी काच वाजेच. तीनदा टेप मागे गेली. तेव्हा दाराशी उभा असलेला नीलकंठच पुढे आला.

"काढ ना वं. मी जित्ता उभा हावो तुह्यासमोर, अन् काहून भेतं?"

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकं गाणं आयकतीन!"

त्यानं स्वतःच्या हातानं बाराही हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि पॅंटच्या खिशात टाकल्या. मग बाई गायल्या. दुसऱ्या कडव्याला नीलकंठचा पाय आपसूक ठेका धरू लागला आणि त्याच्या खिशातून बारीक आवाज आला. खण. खण. खण. निरंजननं कपाळाला हात लावला. पण असा सूर पुन्हा लागायचा नाही, म्हणून टेप तशीच ठेवली. जिना उतरतानाच नीलकंठनं बांगड्या परत चढवल्या.

वीस दिवसांनी त्याला मलेरिया झाला आणि ताप डोक्यात गेला. चौथ्या दिवशी तो गेला. मयतीतच सासू ओरडली, "जित्त्या नवऱ्याच्या बांगड्या उतरवल्या इनं! गाण्यापायी!"

शेवंताबाई पुन्हा गायल्या नाहीत. गाणं मात्र प्रत्येक वरातीत वाजलं. सदर बाजारात कॅसेटच्या दुकानापुढे त्या भाजीची पिशवी घेऊन थांबायच्या, दुसरं कडवं संपेपर्यंत. नवऱ्याचा एक फोटो होता, त्याला बुरशी लागलेली. त्याचं बोलणं कशातच उरलं नव्हतं. उरली होती ती तेवढी तीनदा वाजलेली काच.

पाच वर्षांत घरची कॅसेट नेमकी तिथेच घासून तुटली. दुकानं सीडीकडे वळली होती, जुन्या कॅसेटी भंगारात गेल्या होत्या. मग एका दुपारी त्या पंडरीचा जिना चढून आल्या.

"भैया, माह्या गाण्याची एक कापी पायजे."

निरंजन आनंदानं उठला. "अरे दीदी, मैंने खुद कंप्यूटर में चढ़ाया है. एकदम साफ़. सुनिए तो!"

त्यानं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. त्यांनी डोळे मिटले. ओक्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरू लागली आणि दुसऱ्या कडव्याला थबकली. गाणं संपलं.

"अजून एक डाव लाव."

तेही संपलं.

"यातली खणखण कुठी हाय?"

"वो चूड़ी का खटका? निकाल दिया, दीदी. तीन दिन लगे. कितना चुभता था!"

"अन् जुनी टेप?"

"उस पर तो देवी माँ का जसगीत भर दिया."

पाच वर्षं मी त्याच्या शेजारी बसून वाजवत होतो. बाई सदर बाजारात कशासाठी थांबतात, हे मला ठाऊक होतं. त्याला मी एका शब्दानंही सांगितलं नव्हतं.

शेवंताबाईंनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. "मेहनत केली तुनं, भैया," त्या म्हणाल्या. "आता पुरं लोकाइचं झालं."

निरंजननं पुढे केलेली सीडी त्याच्या हातातच राहिली. आम्ही दोघं खिडकीशी गेलो. खाली कापडाच्या गठ्ठ्यांमधून, हातगाड्यांना वाट देत, दोन्ही हात पदरात गुंडाळून त्या चालल्या होत्या. बाजारात कुठेतरी त्यांचंच गाणं लागलं होतं. दुसरं कडवं आलं. त्या थांबल्या नाहीत.