हात नाही म्हणेपर्यंत

चाकणच्या कंपनीत इंग्रजी कागदांचं काम माझ्याकडे आपोआप आलं. क्वालिटीत आम्ही चौघं, त्यातली मी एकटी न अडखळता मेल लिहायचे. त्या जोरावर मी स्वतःला बरीच शहाणी समजत होते.

आमच्याकडे लाइन लीडर व्हायचं असेल, तर ऑपरेटरला आपल्या कामाची पद्धत इंग्रजीत लिहून द्यावी लागे. तो कागद मशीनवर लागायचा. लातूरकडचा एक ऑपरेटर सात वर्षं प्लास्टिकची टोपणं हाताने बसवत होता. पान्हा लावला की ती तडकायची. त्याने लिहिलं, ‘टाइटन टिल द हँड सेज नो.’ हात नाही म्हणेपर्यंत आवळा.

मला हसू आलं. हात कुठं बोलतो का? तरी मी प्रामाणिकपणे मोबाइलवर शोधलं. असं कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून लाल पेनने खोडून वर ‘टाइटन प्रॉपर्ली’ लिहिलं आणि ‘तपासणारे’ या रकान्यात ऐटीत सही केली. ‘लिहिणारे’ या रकान्यात नाव त्याचंच राहिलं.

ऑडिटच्या दिवशी त्या मशीनवर दोन दिवसांपूर्वी आलेली मुलगी होती. कस्टमरकडून आलेल्या साहेबांनी कागदावर बोट ठेवून तिला विचारलं, “प्रॉपर्ली म्हणजे किती?”

“चांगलं घट्ट, सर,” ती म्हणाली आणि करून दाखवायला गेली. टोपण त्यांच्यासमोरच तडकलं.

साहेबांनी शेरा लिहिला, सूचना अस्पष्ट, आणि पुढे ‘लिहिणारे’ या रकान्यातलं नाव टिपलं. मी शेजारीच उभी होते. ‘तो शब्द माझा’ एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी वहीत डोकं घालून उभी राहिले. मला भीती वाटली, बाकी काही नाही.

दोन दिवसांनी मी खोडलेला त्याचा पहिला मसुदा घेऊन मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी माझं लाल पेन बघितलं, सुस्कारा टाकला. “मॅडम, लाइन लीडरची यादी काल वर गेली. त्या शेऱ्यामुळे त्याचं नाव गळलं. आता पुढच्या वर्षी बघू.” त्याच्या जागी लाइन लीडर दुसराच झाला होता.

जेवणाच्या सुट्टीत त्या लातूरच्या ऑपरेटरला कँटीनबाहेर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तो डब्याचं झाकण लावत शांतपणे ऐकत होता.

“तुमचं वाक्य बरोबर होतं,” मी म्हणाले. “नव्या पोरीलाही कळलं असतं.”

“मला ठाऊक होतं की. समद्या नव्यांना मी तसंच शिकवतो.”

“मग मी खोडलं तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमी इचारलंच न्हाई, मॅडम,” तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

खरंच होतं. मी कागदावर खोडत होते तेव्हा तो माझ्या टेबलासमोरच उभा होता, आणि मी मोबाइलला विचारत होते.