दुसऱ्या भागातली पारूताई

पारूताई चिखलात रुतत नसे. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरात आमचे शूटिंगवाले पोटरीपर्यंत रुतायचे, चपला तिथंच सोडून यायचे. आणि ही उंच, सडसडीत बाई डोक्यावर मिठाची पाटी घेऊन अरुंद बांधावरून झपाझप जायची. आमच्या दिग्दर्शकांना सगळे दादा म्हणत. त्यांनी तिला पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच. मला म्हणाले, "हीच. हिचं माप घे."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. परग्रहावरून आलेल्या प्राण्यावरचा दादांचा पहिला सिनेमा तुफान चालला होता, म्हणून दुसरा भाग निघाला. या वेळी प्राणी मादी होती. पहिल्या भागात पोशाख घालणारा मुंबईचा पहिलवान इथे पहिल्याच दिवशी बांधावरून घसरला आणि गुडघा धरून परत गेला. मी रोह्याची; कपडेपटात शिवणकामाला होते. फोम आणि रबराचा तो अवजड पोशाख मीच शिवला होता. त्याचं डोकं हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात साच्यातून काढून रंगवलं होतं.

"मना काय करायचं?" पारूताईनं विचारलं.

"चालायचं," दादा म्हणाले.

"येवढंच? ते तर मी रोजच करतंय."

तिचा नवरा हरी मात्र बिथरला. "बायकोला राक्षस करून नाचवताय. गाव हसंल." पारूताई शांतपणे म्हणाली, "माजं तोंड कुठं दिसतंय? हसले तर रबराला हसतील." हरी त्यानंतर शूटिंगकडे फिरकला नाही.

रोज सकाळी मी तिच्या पाठीच्या नाड्या आवळायची. "आवळ गो, गोणीसारखी आवळ," ती म्हणायची. दुपारी डोकं काढलं की आतून वाफ यायची, मानेवर रबरानं वळ उठलेले असायचे. तरी पाणी पिता पिता तिचं भलतंच चाललेलं असे. कथेच्या शेवटी लोक त्या प्राण्याला हुसकावून लावतात आणि तो यानात बसून निघून जातो, हे तिला पटत नव्हतं. "तिकडं कोन हाय तिचं? आलीय येवढ्या लांबून, तर र्‍हाऊ दे की." दादा हसायचे. "पारूबाई, तसं लिहिलंय." "लिवलंय तुमीच ना?" ती म्हणायची.

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी अमावास्या होती. पत्र्याचं यान बांबूंवर उभं केलं होतं, कॅमेरा लागला होता, पारूताई पोशाखात तयार होती. भरदुपारी खाडीला उधाण आलं आणि बाहेरच्या बांधावरून आरोळी आली, "खांड गेली! खांड गेली!" बांध फुटला होता. त्याच्या आत मिठागर आणि मागे गावाची भातशेती. खारं पाणी शिरलं की शेत कित्येक वर्षं भात देत नाही.

आम्हाला कळायच्या आत पारूताई धावत सुटली. डोक्यावर ते हिरवं मुंडकं तसंच.

"पारूबाई, पोशाख! दुसरा नाहीये!" दादा ओरडले.

ती सरळ खांडीत उतरली. गावातली माणसं चिखलाची ढेकळं टाकत होती आणि पाणी ती वाहून नेत होतं. पारूताईच्या अंगावरचा फोम पाणी पिऊन दगडासारखा जड झाला. पाणी छातीला लागलं, तशी मी कात्री घेऊन तिच्याकडे गेले. एकदा पाय निसटला असता तर त्या वजनानं ती वर आलीच नसती. मी नाड्या कापायला हात घातला. मुंडक्याच्या आतून आवाज आला, "थांब गो! मी जड हाय तवर बरी हाय. पानी मना हालवत नाय. टाका माज्या अंगाशी!"

आणि लोकांनी तिच्याभोवती चिखल रचायला सुरुवात केली. हरीही आला होता. खालमानेनं ढेकळं पुढे देत होता. दादांनी बूट काढले आणि ते रांगेत उभे राहिले. कॅमेरामननं कुणाला न विचारता कॅमेरा चालू केला.

ओहोटी लागली तेव्हा बांध टिकला होता. मी पोशाख टराटरा कापून तिला बाहेर काढलं. मिठानं तिची मान सोलली होती, ओठ पांढरे पडले होते. फाटलेल्या रबराकडे बघत ती दादांना म्हणाली, "तुमचं नुसकान केलं."

दादांनी एकदा पत्र्याच्या यानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती जात नाही. राहते."

तोच शेवट ठेवला. सिनेमा पेणला लागला तेव्हा गावच्या बाया टेम्पो करून आल्या आणि पडद्यावर बांध बघून त्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. हरी आला नव्हता. दादांनी पारूताईला मुंबईला बोलावलं. "मीठ पिकायला लागलंय. आता नाय," म्हणून तिनं टाळलं. पुढचे हंगाम ती पाट्याच वाहत राहिली.

तीनेक वर्षांत काविळीनं ती गेली. मला उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा हरी ओटीवर एकटाच बसला होता. तोच म्हणाला, "मी बगितला तो पिक्चर. रोह्याला लागलेला तवा. दोन-चार येळा गेलो."

"पारूताईला सांगितलंत?"

"नाय. बांगड्या आनल्या एकदा तिथनं. तिनं इचारलं, रोह्याला कशाला गेलता? म्हटलं, बाजाराला."

एवढं बोलून तो माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.