दहा फुटांची शिडी

जेटीवरच्या शिडीची निविदा मी लिहिली होती आणि तिच्या भाषेवर मी फार खूश होतो. ठेकेदारांनी आधीच शंका विचाराव्यात म्हणून आमच्या कार्यालयात बैठक ठेवली. सगळे चहा पिऊन गप्प बसले. शंका विचारली तर आपल्याला काम येत नाही असं दिसेल, ही प्रत्येकाला भीती.

मागे एक अनोळखी म्हातारा गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. त्याने हात वर केला.

"सायबानू, शिडी धा फूट लिवलास. ती भरतेची की सुकतेची?"

भरती की ओहोटी, हे निविदेत कुठेच नव्हतं. मी इंजिनिअरसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी पंख्याकडे बघितलं. म्हातारा उठला, सरळ माझ्या टेबलावर चढला आणि कडेवरून एक पाय खाली सोडून हवेत पायरी चाचपडू लागला.

"सुकतेक होडी खाली जाता. मगे पाय असो लोंबता."

आधी ठेकेदार हसले, मग साहेब, मग मी, अगदी डोळे पुसेपर्यंत. हसता हसता सगळ्यांची तोंडं उघडली. कुणी गंजाचं विचारलं, कुणी शेवाळाचं. संध्याकाळपर्यंत शिडी सोळा फुटांची झाली.

मी हजेरीचा कागद त्याच्यापुढे धरला. "ठेकेदारांच्या रकान्यात सही करा."

"माका शिडी करूची नाय," तो म्हणाला. "माका ती चढूची आसा."

कागदावर ठेकेदार आणि अधिकारी असे दोनच रकाने होते. मी पट्टी शोधून तिसरा आखला, तोवर तो जेटीकडे निघूनही गेला होता.