वळणावरची दुहेरी पट्टी

डिझाइनच्या कॉलेजात मॅडमना त्यांच्या पाठीमागे सगळे 'मोजपट्टी' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. स्टीलची एक पट्टी कायम त्यांच्या पर्समध्ये असायची, आणि पोस्टरवर एखादं अक्षर केसभर जरी सरकलेलं दिसलं तरी ती बाहेर यायची. रागावणं, ओरडणं असलं काही नाही. "बघ हं," एवढंच म्हणायच्या आणि पट्टी तिथेच ठेवून पुढच्या टेबलाकडे जायच्या. त्या पट्टी न्यायला परत येईपर्यंत पोरगं घाम पुसत आपली चूक शोधत बसायचं.

काम तपासायचीही त्यांची एक रीत होती. भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि एकदम वळायचं. वळल्यावर जे आधी नजरेत भरेल त्याला त्या मनातल्या मनात एक गुण जास्त देऊन टाकत. "रस्त्यानं जाणारा माणूस तुमच्या पोस्टरला भेटायला घरून निघालेला नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरं त्याची नक्कल करायची, आणि करता करता ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं.

यंदा शेवटच्या वर्षाला एका नव्या पुस्तकाच्या जाहिरातीचं काम दिलं होतं. प्रकाशकाने छापायला निघालेलं पुस्तक कॉलेजकडे पाठवलं होतं. पोरांनी ते वाचायचं, त्याची पोस्टरं करायची, पुस्तकाच्या दुकानातली मांडणी करायची. ज्याचं काम पहिलं येईल ते खरोखरच दुकानांतून लागणार होतं. पुस्तक एका मुलीनं आपल्या वडिलांबद्दल लिहिलेलं. वडील हळूहळू सगळं विसरत गेले आणि ती त्यांना सांभाळत राहिली, त्याची हकिकत. विषय ऐकला तेव्हाच मॅडमना ते नको झालं होतं. दुसरं पुस्तक मागावं असं वाटलं, पण मागितलं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि कारण घरात होतं.

मॅडमचे यजमान याच कॉलेजात अक्षरलेखन शिकवायचे. नुसतं 'सर' म्हटलं की अजूनही लोकांना तेच आठवत. निवृत्तीनंतर सर अक्षरांवर एक मोठा ग्रंथ लिहितायत आणि म्हणून कुठे येत-जात नाहीत, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं, कारण मॅडमनीच सांगितलं होतं. ग्रंथबिंथ काही नव्हता. सरांना स्वतःच्या घरातलं न्हाणीघर सापडत नव्हतं. आणि वर्षभरापासून ते बायकोला अहो-जाहो करत होते. आधी मॅडमना वाटलं, थट्टा चाललीय. सर होतेच तसे. मग थट्टा संपेचना. एकदा न राहवून त्या म्हणाल्या, "अहो, मी बायको तुमची." तर सर इतके ओशाळले, इतक्यांदा माफी मागू लागले, की मॅडमना स्वतःचाच राग आला. पुन्हा त्या काही तो विषय काढायला गेल्या नाहीत. ज्या माणसानं अर्ध्या गावाला वळणदार लिहायला शिकवलं त्याची कुणी येऊन कीव करावी, दारात चपला काढून हळहळावं, हे त्यांना नको होतं. म्हणून तोंडाला कुलूप.

जे येत होतं ते त्यांनी केलं. बाजारातून रंगीत चिकटपट्टी आणली आणि सरांच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीवर पिवळी रेघ ओढली. सर त्या रेघेवरून चालत गेले, पण जिथे रेघ वळत होती तिथे त्यांचं पाऊल अडलं. मॅडमनी ते पाहिलं आणि वळणावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या. मग पाऊल अडेना. निळी रेघ स्वयंपाकघराकडे जायची. एका दुपारी गॅस तसाच चालू राहिला, तेव्हा ती त्यांनी ओढून काढली. फरशीवर डिंकाचा मळकट माग तेवढा राहिला, तो काही केल्या निघेना.

तर परीक्षेचा दिवस. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे एका मोठ्या जाहिरात कंपनीचे मालक, एके काळी सरांचे लाडके विद्यार्थी. कॉलेजात त्यांना सगळे पाहुणे म्हणत. पाहुणे भला माणूस, पण उसन्या कल्पनेचा त्यांना भारी तिटकारा. त्यांच्या स्वतःच्या दोन जाहिराती लोकांनी उचलल्या होत्या, ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. कॉलेजचा नियमही कडकच होता. कल्पना जिथून घेतली ते कामाशेजारच्या फळ्यावर लिहायचं. लपवलं आणि सापडलं, की काम रद्द आणि वर्ष गेलं.

सकाळपासून दोघं दालनातून फिरत होते. मॅडमनी पाठ करून, डोळे मिटून, वळून वळून पाहिलं, पण जिकडे वळावं तिकडे तेच. पुसट होत गेलेली अक्षरं. डोक्यातून उडून चाललेले पक्षी. कोड्याचा हरवलेला तुकडा. गळणारी पानं तर इतक्या जणांनी केली होती की पाहुणे म्हणाले, झाडूवाला बोलवा. मॅडम हसल्या. विषय एवढा गुळगुळीत होऊन समोर येतोय याचं त्यांना बरंच वाटत होतं. गळणाऱ्या पानांशी त्यांच्या घराचा काही संबंध नव्हता.

शेवटचं टेबल 'पळापळ'चं. ही पोरगी कुठेही चालत अशी कधी आलीच नाही, म्हणून वर्गानं हे नाव ठेवलेलं. कामही कायम शेवटच्या क्षणी. टेबलाशी पोचायच्या आधीच मॅडमची नजर खाली गेली आणि त्या थबकल्या.

दालनाच्या दारापासून जमिनीवर पिवळी पट्टी निघाली होती. खांबाला वळसा घालून ती कोपऱ्यात एका खुर्चीपाशी जात होती आणि खुर्चीवर ते पुस्तक होतं. मागच्या भिंतीवर पांढरं पोस्टर, त्यावर एक पिवळी रेघ आणि पुस्तकाचं नाव. दुकानात आलेल्या माणसानं रेघ धरून चालत यायचं, असा बेत. वळणावर पट्टी दुहेरी होती. थोडं पुढे दुसरीकडे जाणारी एक निळी रेघ मध्येच तुटली होती आणि तिथून पुढे डिंकाचा मळकट माग होता.

महिन्यापूर्वी पळापळ कच्चं काम द्यायला घरी येऊन गेली होती. मॅडमना त्या दिवशी मीटिंगमुळे उशीर झाला होता आणि दिवसा सरांपाशी बसणाऱ्या मावशींनी तिला आत घेतलं होतं. मॅडम पोचल्या तेव्हा पोरगी जिना उतरत होती. तिचा चेहरा पाहूनच त्या काय ते समजल्या. "वर जे पाहिलंस ते वरच राहू दे," एवढं त्या म्हणाल्या होत्या आणि पोरीनं मान हलवली होती. तोंड तिनं बंद ठेवलं होतं खरं. पण जमिनीवर हे असं अंथरून ठेवलं होतं. मॅडमना तिचा संताप आला.

पाहुणे मात्र खुलले. रेघ धरून चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग वळणापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, इथे दोन पट्ट्या का? पळापळ म्हणाली, असंच, बरं दिसतं म्हणून. पाहुण्यांचा आवाज बदलला. ही निळी का तुटली? तेही असंच. कल्पना कुठली? सुचली.

"सुचली नाही," पाहुणे उठून म्हणाले. "हे ज्यानं केलंय त्यानं कुणाला तरी अडखळताना पाहिलंय. बरं दिसावं म्हणून कुणी असं करत नाही. कुठून उचललंस ते सांग, नाहीतर मला हे रद्द करावं लागेल."

पळापळनं मॅडमकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहुण्यांनी खिशातून पेन काढलं.

मॅडम नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी पुरे होतं. पाहुणे लिहितील, आपण खाली सही करू, संध्याकाळी झाडूवाला पट्टी उपटून टाकेल, आणि कुठल्याही दुकानात आपल्या घराची फरशी लोक तुडवणार नाहीत. आणि त्यात खोटं तरी काय होतं? पोरीनं उचललंच होतं की. पण ती न सांगता उभी होती ती त्यांच्याच शब्दाखातर, आणि तो शब्द पाळण्यापायी तिचं वर्ष चाललं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ही रेघ माझी आहे. माझ्या घरी आहे. सरांसाठी ओढलीय."

पाहुण्यांना कळायला वेळ लागला. सर तर पुस्तक लिहितायत ना, असं ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, पुस्तक नाही, काही नाही, त्यांना न्हाणीघर सापडत नाही. एवढ्या दिवसांचं खोटं एका वाक्यात संपलं आणि ते इतकं सोपं होतं याचंच त्यांना रडू आलं. पाहुण्यांनी पेन खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, त्यांना हातांचं काय करावं ते समजेना. शेवटी ते पळापळला जरा हळू आवाजात म्हणाले, की मग तर हे आणखीच वाईट. मॅडमना विचारायला तरी हवं होतंस.

"विचारलं होतं," पळापळ म्हणाली. "सरांना."

मॅडमनी वर पाहिलं.

"त्या दिवशीच विचारलं, सर, ही रेघ माझ्या कामात घेऊ का? ते म्हणाले, माझी नाही, बायकोची आहे, तिला विचारा. म्हटलं, मॅडम आल्या की विचारते. तर ते..." ती अडली.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"ते म्हणाले, संध्याकाळी एक बाई येतात. बहुतेक तीच असेल. तोंडावरून मला काही समजत नाही, पण वळणावर दोन पट्ट्या लावणारी दुसरी कोण असणार? मी काही विचारत नाही. तीच निघाली तर तिला किती लागेल, की नवऱ्यानं ओळखलं नाही. म्हणून अहो-जाहो करतो. कुणीही असली तरी चालून जातं." पळापळनं नाक पुसलं. "मग जिन्यात तुम्ही भेटलात. तुम्हाला मी काय विचारणार होते, मॅडम? आणि घरी जाऊन पानं काढायला बसले, तर पानं काढवेनात."

मॅडम भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, पण डोळे मिटायची त्यांना भीती वाटत होती. वर्षभर त्या सरांना लाज वाटू नये म्हणून गप्प होत्या, आणि सर त्यांना वाईट वाटू नये म्हणून. एका घरात दोघंही एकमेकांशी परक्यासारखं नीट वागत राहिले होते. याहून मोठा मूर्खपणा कुणी केला असेल असं त्यांना वाटेना.

मग त्यांनी डोळे पुसले आणि गुणांचा कागद पाहुण्यांकडे सरकवला. हे काम आपण तपासू शकत नाही, तुम्हीच बघा, म्हणाल्या. पाहुण्यांनी विचारलं, रेघ तुमची, पट्टी तुमची, डागसुद्धा तुमचा. हिचं यात काय उरतं?

"खुर्ची," मॅडम म्हणाल्या. "माझी रेघ न्हाणीघरापाशी संपते. तिथे कुणी बसावं असं मला सुचलं नव्हतं. खुर्चीचे गुण द्या. आणि फळ्यावर लिहून घ्या तिच्याकडून, रेघ कुठली ते."

पाहुण्यांनी गुण दिले. फार नाही, पण पास होण्यापुरते, आणि वर थोडे. दुकानांत काय लागणार ते नंतर ठरायचं होतं. मॅडमनी त्याबद्दल काही विचारलं नाही. त्या नेहमीच्या वेळेआधीच घरी निघाल्या.

मावशींनी दार उघडलं. सर खिडकीपाशी बसले होते. मॅडमना पाहून ते नेहमीसारखे अर्धवट उठले आणि म्हणाले, "या, या. आज लवकर?"

मॅडमनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. त्या म्हणाल्या, "अहो, मी आले. मी तुमची बायको."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. आता ओशाळतील, आता माफी मागतील, म्हणून मॅडम जीव मुठीत धरून उभ्या होत्या. पण सरांनी एक मोठा श्वास सोडला आणि ते परत खुर्चीत टेकले.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "मला वाटत होतंच. पण असं विचारायचं कसं हो कुणाला?" मग एखादी मोठी सवलत मागावी तसे ते म्हणाले, "उद्याही सांगाल का? मला राहणार नाही लक्षात."

मॅडम म्हणाल्या, सांगेन.