भिंतीला टेकलेला हात

फ्लॅटला रंग देतायत. त्या ओल्या वासाने शिरवण्यातली आमची भाड्याची खोली आठवली. नव्याने रंगवलेल्या भिंतीला हात टेकून पप्पा शेजाऱ्यांबद्दल म्हणाले होते, "देवाच्या न्यायाचा दिवस येऊ दे, मग कळेल यांना."

चहाला आलेले चर्चचे पाळक हसले. "बायबलातला तो माणूस सिंहापासून पळाला, अस्वलापासून वाचला, आणि घरात येऊन भिंतीला हात टेकला तर साप चावला. त्या दिवसाची वाट बघणाऱ्यांनाच सांगितलंय हे, भाऊ."

पप्पांनी हात झटकन काढला. पप्पांनीच काहीतरी केलंय, असा संशय मला तेव्हाच आला. कितीतरी दिवस मी त्या भिंतीत सापाचं बीळ शोधत होते.

आज वरच्या मजल्यावरच्यांना "देव बघून घेईल तुम्हाला" असं पुटपुटले आणि वळून भिंतीकडे पाहिलं. ओल्या रंगात माझी पाचही बोटं उमटली होती.